गाभा केवढा?

"किती कण म्हणालास?"

"आठशे कोटी, बाई." अच्युत गावणकरने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "प्रत्येक कण बाकीच्या सगळ्यांना ओढतो. महासंगणक एकेचाळीस दिवस तेवढंच मोजत होता."

निमकर बाई निवृत्त होऊन साताऱ्याला आल्या, त्याला नऊ वर्षं झाली होती. खगोलशास्त्राचे त्यांचे जुने विद्यार्थी अधूनमधून येत. बाई पडवीत पाटावर बसून भिजवलेल्या वालाच्या डाळिंब्या सोलत होत्या. अच्युतला त्यांनी थांबवलं नाही, आणि स्वतःही थांबल्या नाहीत.

"मग काय सापडलं?"

"इतरांच्या गणितात दीर्घिकेच्या मध्याकडे जावं तशी कणांची दाटी वाढतच जाते. संगणकात मी रचलेल्या दीर्घिकेत ती थांबते. हा बघा, मध्यभागी सपाट, गोल गाभा! शोधनिबंध स्वीकारला गेलाय. आज छापायला होकार कळवायचा. सहा वर्षं घातली यात, बाई."

"छान गोल आहे. तपासलास?"

"म्हणजे काय! आधी शंभर कोटी कण घेतले होते, मग आठशे कोटी. गाभा तसूभरही हलला नाही."

बाईंनी एक वाल चिमटीत दाबला. दाणा निसटून पातेल्यात पडला, साल बोटात राहिलं.

"दोन कण अगदी जवळ आले तर?"

"ओढ भलतीच वाढते. गणित कोसळेल." अच्युत हसला. "म्हणून एक अंतर ठरवायचं. त्याच्या आत ओढ वाढू द्यायची नाही. बाई, हे तुम्हीच शिकवलंत."

"तेवढं तरी लक्षात आहे. तू किती ठरवलंस?"

"ते... फाइलमध्ये असेल. अगदी सुरुवातीला घातलं होतं."

"बघ की. मला कुठे जायचंय?"

त्याने फाइल शोधली. उघडली.

"तीनशे प्रकाशवर्षं."

"आणि गाभा केवढा?"

अच्युतने निबंध उघडून आकडा पाहिला.

"तीनशे दहा."



"कण आठपट केलेस. ओढ थांबवणारा तो आकडा बदलून पाहिलास?"

"नाही." मग एकदम, "पण बाई, असा आकडा सगळेच घालतात! तीन परीक्षकांनी निबंध वाचला. एकानेही हटकलं नाही."

"मी तरी कुठे हटकतेय? विचारतेय."

"योगायोग असू शकतो."

"असू शकतो."

"पुन्हा मोजायला महिना जाईल. होकार आज द्यायचाय..." त्याचा आवाज बारीक झाला. "एकच सांगा. पाठवू की नको?"

बाई पुढे झाल्या. त्यांनी अंगठा पडद्यावर, बरोबर गाभ्यावर टेकवला.

"अहो बाई, हात ओला आहे!"

"काय दिसतं?"

"तुमचा अंगठा."

"केवढा?"

"गाभ्याएवढा..."

बाईंनी अंगठा उचलला. पडद्यावर पाण्याचा ठिपका राहिला. अच्युतने तो बाहीने पुसला. खाली गाभा होता तसाच होता. सपाट, गोल.

"आणि आता?"



"माझा अंगठा," तो म्हणाला.

बाईंनी पुढचा वाल उचलला.

"हे निबंधात लिही. मग पाठव."