अंगरख्याच्या आत काय होतं?

फार फार मागे, तुमच्या पणज्याच्या पणज्याला मिसरूड फुटायच्याही आधी, एक राज्य होतं. त्या राज्याची बित्तंबातमी माझ्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. राज्याचं नाव तेवढं आठवत नाही. राजाचंही नाही. इतिहासाच्या तासाला मास्तर मला वर्गाबाहेर उभं करत, त्याला मी काय करू?

तर त्या राज्यात पहिल्या राजाचा अंगरखा जपून ठेवला होता. दर बारा वर्षांनी गादीवरचा राजा तो अंगरखा घालून राजवाड्यापासून देवळापर्यंत पायी जाई. वाटेत त्यानं स्वतःच्या अंगाला हात लावायचा नाही, असा दंडक. लावला तर अपशकुन, आणि अपशकुन झाला की दोष शिंप्याचा. त्याची कात्री नदीत, दुकानाला टाळं आणि शिंपी वेशीबाहेर. दोष राजाचा का नाही, असं विचारू नका. नियम राजांनी केलेला होता.

त्या वेळचा राजा नवा होता आणि त्याला जुन्याचं भारी वेड. तो म्हणाला, "पहिल्या महाराजांनी अंगरख्याच्या आत जे घातलं होतं, तेच मी घालणार."

झाली पंचाईत. आत काय होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दरबारात पहिल्या राजाचं मोठं चित्र होतं, पण त्यात अंगरख्याच्या आतलं दिसत नव्हतं. चित्रकार सभ्य माणूस असावा. मधले राजे आत काय घालत, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगता का? मग!

रखमाजी शिंप्याला बोलावणं आलं. त्यानं कापड मागितलं, तर दिवाणजी म्हणाले, "चांगलं कापड हत्तीच्या झुलीला आणि निशाणांना गेलं. आतलं कोण बघतंय? उरलेल्या तुकड्यांत भागव."

"पण शिवू काय, सरकार?"

"लंगोट," पुरोहित म्हणाले. "पहिले महाराज व्रतस्थ होते."

"चोळणा! घोट्यापर्यंतची विजार," सेनापती गरजले. "ते घोड्यावर बसत. लंगोटावर बसून बघा एकदा घोड्यावर!"

"बंडी," दिवाणजी म्हणाले. "गुडघ्यापर्यंत लांब. त्यांना थंडी फार वाजायची."

"तुम्हाला कसं ठाऊक?" राजानं विचारलं.

"मला वाजते ना," दिवाणजी म्हणाले.

राजा गोंधळला. शेवटी म्हणाला, "तिघंही शहाणे आहेत. रखमाजी, तिघांचंही ऐक."

रखमाजी गरीब माणूस. त्यानं खरंच तिघांचं ऐकलं. झुलीचे जरीचे तुकडे, निशाणांच्या खरखरीत पट्ट्या, सगळं जोडून त्यानं एकच वस्त्र शिवलं. पुढून लंगोट, मागून चोळणा, वर बंडी. बांधायला नाड्या अकरा.

मिरवणुकीच्या आठ दिवस आधी रंगीत तालीम झाली. राजा पडद्याआड गेला. बराच वेळ नुसती धडपड ऐकू आली.

मग आवाज आला, "रखमाजी, माझा दुसरा पाय कुठे गेला?"

"बंडीच्या बाहीत बघा, महाराज."

"तिथे माझा हात आहे!"

"मग डावी चौथी नाडी सोडा."

राजानं नाडी सोडली ती भलतीच. इथे ऐकायला पोरं बसली आहेत, म्हणून पुढचं सांगत नाही. म्हातारे हसताहेत, त्यांना कळलं. कसाबसा राजा बाहेर आला आणि चार पावलं टाकताच त्याचा हात मांडीकडे गेला. मग पाठीकडे. मग जिथे राजाचा हात चारचौघांत जाऊ नये, तिथेही. जरीच्या तारा टोचत होत्या, शिवणी कातडीवर करवतीसारख्या फिरत होत्या.

"मिरवणुकीत असं झालं तर तू आणि तुझी कात्री गेलात," दिवाणजी म्हणाले. राजानं मात्र हट्टानं ते वस्त्र उतरवलं नाही. सवय होईल म्हणाला. झाली नाही. सहा दिवस दरबारात तो सिंहासनाच्या कडेला पाठ घासत बसे आणि प्रधान खाली मान घालून राज्यकारभाराचं बोलत.

रखमाजीनं घरी येऊन कात्री बायकोपुढे ठेवली. "साळू, गाठोडं बांध. लंगोट खरा, की चोळणा खरा, की बंडी खरी, माझं डोकं चालत नाही."

"तिघांना विचारलंत," साळूबाई म्हणाली, "अंगरख्याला विचारलंत का?"

"अगं, अंगरखा बोलतो का?"

"त्या तिघांपेक्षा बरं बोलेल."

ती थेट राजवाड्यात गेली आणि अंगरखा उलटा केला. पुरोहित ओरडले, "अगं बाई! दरसाल आम्ही याला हळदकुंकू वाहतो, आजवर कुणी उलटा केला नाही!"

"म्हणूनच कुणाला काही कळलं नाही," साळूबाई म्हणाली.

आतलं अस्तर कमरेपाशी एकाच जागी झिजलं होतं, म्हणजे गाठ एकच. मांडीच्या जागी शिवणीची रेघ उमटली होती. ती गुडघ्याशी संपत होती. "आखूड चोळणा," साळूबाई म्हणाली. "आणि अस्तरावर रेघ उठली, म्हणजे शिवणी बाहेरच्या अंगाला. मऊ बाजू कातडीला." रेघेत एक दोरा अडकला होता. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुताचा.

तिनं भटारखान्यातले झिजलेले पंचे मागून घेतले, धुतले आणि चोळणा शिवायला बसली.

"उलटा शिवतेस! लोक काय म्हणतील?" रखमाजी घाबरला.

"लोक आत येणार आहेत का बघायला?"

मिरवणूक निघाली. राजा राजवाड्यापासून देवळापर्यंत असा चालला, की जणू लोणी सरकतंय. दोन्ही हात शेवटपर्यंत बाजूला. रखमाजीची कात्री वाचली, दुकान वाचलं. पुरोहित, सेनापती आणि दिवाणजी, प्रत्येक जण शेजारच्याला सांगत होता, "मी हेच म्हणालो होतो."

देवळाच्या पायरीवर राजानं रखमाजीला आणि साळूबाईला पुढे बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाला, "आतलं कापड कुणाला दिसत नाही, पण माणसाची चाल तेच ठरवतं. हा बोध वेशीवर दगडात कोरून घ्या. आजच्या आज!"

साळूबाई म्हणाली, "कोरा की, महाराज. पण कोरणाऱ्या पाथरवटाच्या पोटात आज काय गेलंय, ते आधी विचारून घ्या."