साळुंकीने सांगितलेलं तिसरं काम

एका राज्यात, जिथे खोटं बोलणाऱ्याचा पोहरा विहिरीतून रिकामाच वर येई, तिथली राणी कमळजा फार फार दमली होती. राज्य सुखाचं, राजा भद्रसेन पराक्रमी, पण सात वर्षांच्या मृगाक्षीला, त्यांच्या एकुलत्या लेकीला, दमा. लेक झोपली की तिच्या छातीत शीळ वाजे आणि राणी उशाशी बसून ऐकत राही. मखमलीच्या गाद्या असून उपयोग काय, पाठ टेकायला मिळेल तर ना!

हे दुखणं आलं कुठून? राजेसाहेबांनी धूम्रकेश मांत्रिकाच्या गुहेतून धुपाची पेटी जिंकून आणली होती. कितीही जाळा, धूप संपत नसे. राजा मोठ्या तोऱ्यात तो महालभर फिरवी. मांत्रिकाने मात्र त्यावर शाप घातला होता: याचा धूर जाईल त्या घरातलं लेकरू श्वासाला महाग होईल.

राजवैद्य सोमदत्तांनी चांदीच्या नळीतून ओढायचं औषध दिलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ, चुकवायचं नाही. मृगाक्षी तोंड फिरवी. तिच्या नाकदुऱ्या काढता काढता राणीच्या नाकी नऊ येत.

एके दिवशी खिडकीत साळुंकी येऊन बसली.

"राणी, कामं तीन आहेत. एक पुरं कर, मग पुढचं विचारायला ये."

पहिलं काम, पेटी परत करायची. राजा रुसून बसला. त्याची समजूत घालण्यात राणीचा जेवढा जीव गेला, तेवढा गुहेचा डोंगर चढण्यातही गेला नाही. मांत्रिकाची दाढी धुराचीच होती. त्याने पेटी घेतली आणि दार लावलं.

दुसरं काम, सावल्यांच्या दरीतून मध आणि अडुळसा आणायचा, आणि नदीकडून सावकाश श्वास सोडायची रीत शिकून लेकीला शिकवायची. मधमाश्यांनी कुणासाठी हवं ते विचारलं, राणीने खरं सांगितलं, त्यांनी वाट दिली. नदीने शिकवायला दुपार घालवली, कारण राणीला स्वतःलाच धाप लागली होती.

घरी आल्यावर खोकला उतरला. शीळ थांबली. मृगाक्षी अंगणात धावू लागली, आणि राणी खांबाला टेकून रडली. तिसरं काम विचारायला आता कोण जातंय? लेक तर बरी झाली! तिने शाल-श्रीफळ देऊन वैद्यांना मानाने निरोप दिला, नळी कपाटात ठेवली. दमलेल्या माणसाला 'सुटलो एकदाचे' म्हणायची फार घाई असते हो.

पावसाळा सरत आला तेव्हा झोपाळ्यावर बसल्या बसल्या मृगाक्षीचा श्वास कोंडला. राणीने मध चाटवला, पाठ चोळली, नदीची रीत आठव म्हणून विनवलं. काही लागू पडेना. ओठ निळे पडले. राणीने खिडकीशी धावत जाऊन साळुंकीला हाक मारली.

साळुंकी हत्तीएवढी झाली, उडाली आणि सोमदत्तांना पाठीवर घेऊन परतली. वैद्यांनी बोल लावला नाही. झटक्याच्या वेळचं औषध दिलं, लेकीला ताठ बसवून धरलं. हळूहळू ओठांवर रंग परतला.

मग साळुंकी बोलली. "शाप घरातून गेला, छातीतून अजून जायचा आहे. तिसरं काम हेच, की लेक बरी दिसली तरी वैद्यांचं औषध थांबवायचं नाही."

"आणि मध, अडुळसा?" राणीने विचारलं.

"ते सोबतीला असू द्यावं," सोमदत्त म्हणाले. "माझ्या औषधाच्या जागी नको."

पुन्हा नळी, पुन्हा नाकदुऱ्या. राणीला वाटलं, ह्याला अंत नाही. करत राहिली, दुसरं काय करणार?

एका सकाळी राजा महालात आला तर राणी भिंतीला टेकून बसल्या जागी झोपलेली. मृगाक्षीने कपाटातून नळी काढली, कुणी न सांगता औषध ओढलं, चूळ भरली. त्याच क्षणी तिकडे गुहेत पेटीची राख झाली आणि शाप तुटला.

राजा काही बोलणार, तोच लेकीने ओठांवर बोट ठेवलं.

"आईला उठवू नका, बाबासाहेब. माझं औषध झालंय."

राजाने जोडे हातात घेतले आणि पावलं न वाजवता बाहेर गेला. त्या दिवशी दरबार उशिरा भरला.