तुळशीपत्राला जागा

आमदार रणधीरराव सरनोबत प्रत्येक सभेत गरजायचे, "मरणाऱ्याला श्वासाचं यंत्र न लावणं म्हणजे खून! आपल्या धर्मात हे बसत नाही!" लोक टाळ्या वाजवायचे. टाळ्या वाजवायला काय जातं? त्यांच्यापैकी कुणाच्याच घशात नळी नव्हती.

त्यांच्याच गावच्या द्वारकाआक्कांची फुप्फुसं निकामी झाली होती. "मला यंत्राला जोडू नका," असं त्यांनी डॉक्टरांना लिहून दिलं. हे कळताच आमदार कॅमेरेवाले घेऊन दवाखान्यात हजर झाले. हात जोडणाऱ्या आक्कांच्या मुलाला बाजूला सारून त्यांनी डॉक्टरांना दम भरला, "नळी घाला, नाहीतर दवाखान्याला टाळं ठोकतो!"

डॉक्टर घाबरले. आक्कांनी मात्र धापा टाकत विचारलं, "साहेब, तुमच्या आईंना शेवटी मोठ्या दवाखान्यातून घरी आणलंत. त्याचे फ्लेक्स गावभर लागले होते. फोटोत तुम्ही त्यांच्या उशाशी बसून काय करत होतात?"

आमदार कॅमेऱ्याकडे वळले. "तिला घरीच जायचं होतं. तिच्या मुखात मी स्वतः तुळशीपत्र ठेवलं, गंगाजळ घातलं. लेकाचा धर्मच आहे तो."

"म्हणजे त्यांच्या तोंडात नळी नव्हती."

कॅमेरे चालूच होते.

"स्वतःच्या आईचं तोंड मोकळं ठेवलंत आणि माझं बुजवायला आलात," आक्का म्हणाल्या. "आता माझ्या लेकाने तुळशीपत्र कुठं ठेवायचं, तेवढं सांगून जा."