गुणाजीने गरम हवा बाहेर सोडली

एका गावात एक भोळा भाचा होता. भोळा हा आपला गावाने भिडेखातर वापरलेला शब्द. खरा शब्द त्याच्या आईसमोर उच्चारायची कुणाची छाती नव्हती. नाव गुणाजी. नाव ठेवताना घाई झाली, दुसरं काय.

गाव डोंगरावरचं. पावसाळ्यात महिनोन्‌महिने ऊन नाही. धुतलेल्या कपड्यांना बुरशी यायची. म्हणून गुणाजीच्या मामीने, सुंद्राबाईने, दोन म्हशी विकल्या आणि आपल्या लॉन्ड्रीत कपडे वाळवायचं मोठं मशीन आणलं. कपाटाएवढं. ओले कपडे आत घालायचे, ते गरम हवेत गरगरा फिरायचे, आणि दमट हवा पत्र्याच्या पाइपातून भिंतीपलीकडे निघून जायची. आता वरच्या हॉटेलच्या चादरींचं काम मिळालं तर मशीनचा खर्च निघणार होता. नाही मिळालं तर मामीला लॉन्ड्रीच बंद करावी लागणार होती. हॉटेलचे मॅनेजर पोतनीस साहेब लवकरच येऊन बघणार होते.

अशा मशीनवर मामीने कुणाला बसवलं? गुणाजीला. कारण तो नणंदेचा मुलगा. दुसरा कुणी ठेवला असता तर नणंदेने पुन्हा उंबरा चढला नसता. मामीने हा फायदा सोडायला नको होता.

पहिल्याच दिवशी मांजराने दुधात तोंड घातलं. मामी ओरडली, "गुणाजी, पातेलं उघडं टाकलंस? उघडं तोंड दिसलं की फडकं बांधावं, एवढंही कळत नाही?"

"कळलं, मामी."

तो कळलं म्हणाला की खरं तर मामीने पळत सुटायला हवं होतं. गुणाजी बाहेर गेला. भिंतीतून पाइपाचं तोंड बाहेर आलेलं. उघडं. त्याने त्यावर जाड फडकं घट्ट बांधलं. आत मशीन तापलं, खोलीभर वाफ झाली, कपड्यांना करपट वास सुटला.

मामीने धावत येऊन मशीन बंद केलं. "अरे शहाण्या, हवा जाते तिथे आडवं काही ठेवायचं नसतं. ती गुदमरते."

"कळलं, मामी."

मशीनच्या दारापाशी एक जाळी असते. कपड्यांचं झडलेलं सूत तिच्यात अडकतं, आणि ते रोज झाडून टाकायचं असतं. गुणाजीने बघितलं, हवा जाते तिथे जाळी आडवी. त्याने ती उपटून उकिरड्यावर फेकली. मग सगळं सूत पाइपात शिरलं. एका वळणावर त्याचा कापसासारखा बोळा साचला आणि धुमसायला लागला. मामीने तो चिमट्याने ओढून काढला, म्हणून लॉन्ड्री वाचली.

"जाळी तेवढी ठेवायची असते रे," मामी कपाळाला हात लावून म्हणाली. "आणि हा पाइप बघ, केवढा लांब, किती वळणं. म्हणून तुंबतो. पाइप कसा आखूड आणि सरळ पाहिजे."

"कळलं, मामी."

मामी मिस्त्रीला बोलवायला गेली. तोवर गुणाजीने लॉन्ड्रीत नजर फिरवली. धुण्याच्या मशीनचा पाण्याचा पाइप स्वयंपाकघराच्या कडेकडेने पार मागच्या गटारापर्यंत गेला होता. केवढा लांब, किती वळणं. त्याने कोयता घेतला आणि पाइप स्वयंपाकघरातच आखूड केला. मामी परतली तेव्हा साबणाच्या पाण्यात पोळपाट तरंगत होता आणि भाकरीचं पीठ गेलेलं होतं.

"नको असलेलं कुणी घरात सोडतं का?" मामी रडकुंडीला आली. "पाणी काय, मशीनची हवा काय, सगळं घराबाहेर जायला हवं. मोकळ्यावर. माणसांपासून लांब."

"आता सगळंच कळलं, मामी."

साहेबांचा दिवस उजाडला. हॉटेलने परीक्षेसाठी पाठवलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरी मामीने स्वतः धुतल्या, स्वतः मशीनमध्ये घातल्या. बाहेर पाऊस कोसळत होता. छत्री घेता घेता ती म्हणाली, "मी साहेबांना रस्त्यावरून घेऊन येते. तू एवढ्या वाळव. आणि हवा नीट बाहेर सोड बाबा."

गुणाजी बसून विचार करू लागला. सवय नसताना माणसाने असं काही करू नये. मग त्याने तालमीतले चार गडी बोलावले. का, कशाला, हे त्यांनीही विचारलं नाही. असल्या गावात एकट्या गुणाजीला हसण्यात अर्थ नाही.

मामी साहेबांना घेऊन आली तेव्हा लॉन्ड्री रिकामी होती. मशीन मागच्या शेतात, बांधापलीकडे, धो धो पावसात उभं होतं. लांब वायर ओढून गुणाजीने ते सुरूही केलं होतं. एक ठिणगी उडाली आणि मशीन कायमचं गप्प झालं. गुणाजीला काही झालं नाही. असल्यांना होत नाही.

साहेबांनी मशीनचं दार उघडलं. घागरभर पाणी आणि त्यामागून चादरी चिखलात आल्या. मामी तिथेच बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. काम गेलं होतं, मशीन गेलं होतं, लॉन्ड्री गेली होती.

"हे कुणी केलं?" साहेबांनी विचारलं.

"मी," गुणाजी छाती काढून म्हणाला. "हवा घराबाहेर सोडायची होती. आता पाइप इतका आखूड आहे की नाहीच. वळण नाही. आडवं काही नाही. माणसं लांब."

"आणि हा पाऊस?"

"तोही बाहेरच आहे, साहेब. घरात एक थेंब येऊ दिला नाही मी."