कोरडा माल

एका राज्यात नद्या सात होत्या, पण सातांपैकी एकीतही गोटा म्हणून उरला नव्हता. कर्कोट नावाच्या मांत्रिकाने सगळे गोटे वेचून नेले होते. कशासाठी नेले, हे त्याला कोणी विचारले नाही. राजेलोक हिऱ्यामोत्यांची राखण करतात, नदीच्या गोट्यांना कोण पुसतो?

पुढे राजा मणिसेनाच्या मनात आले की राजकन्येच्या लग्नाआधी महालाच्या चौकात चुन्यात गोटे जडवलेल्या लाद्या बसवाव्यात. गोटे होते ते कर्कोटाच्या बाजारात. म्हणून राजाने आपला म्हातारा पाथरवट लुमाजी तिकडे धाडला. लुमाजीने उभ्या हयातीत पाणी ओतून पाहिल्याशिवाय दगड घेतला नव्हता. पण मुहूर्त तोंडावर आलेला, बाजारात थेंबभर पाणी नाही, आणि लाद्या तर अशा लखलखत होत्या की म्हाताऱ्याचे भान हरपले. त्याने कोरडा माल उचलला. दिसते तसे नसते म्हणूनच जग फसते, आणि जाणता फसला की जरा जास्तच फसतो.

लाद्या बसल्या. दुसऱ्या सकाळी चौकातल्या मधल्या लादीत एक गोटा वाढला होता आणि महालात एक दासी कमी होती. तिसऱ्या सकाळी माळी नाहीसा झाला. नवा गोटा हाताला कोमट लागे. लग्नाचा मुहूर्त टळला; असे होत होत चाळीस माणसे गेली, आणि एके दिवशी राजकन्याही गेली. तेव्हा लुमाजी घण घेऊन मधली लादी फोडायला धावला. लोकांना नंतर तिथे नुसता घण सापडला.

लुमाजीची लेक म्हाळसा राजापुढे उभी राहिली. बापाच्या हाताखाली तिनेही दगड घडवले होते.

राजा म्हणाला, "माल तुझ्या बापाने आणला."

"होय महाराज. निस्तरायला मी आले आहे."

चौकाच्या भिंतीवर एक टिटवी बसली होती. ती माणसासारखी बोलली. "पाथरवटाच्या पोरी, मधली लादी हे या चौकाचे तोंड आहे. ती उपटून तिथे खरी लादी बसव, म्हणजे गिळलेले सगळे परत येतील. खोटी बसवलीस तर तोंड कायमचे मिटेल. आणि खरी लादी आता फक्त कर्कोटाकडे आहे."

"तुला गं कशाला आमची काळजी?"

"मी गोट्यांत अंडी घालते. गोटे गेले, अंडी उघडी पडली, कावळ्यांनी नेली. मला माझी नदी परत हवी."

म्हाळसेने भोपळ्याच्या तुंबडीत पाणी भरले आणि ती निघाली.

कर्कोटाचा बाजार आटलेल्या नदीच्या पात्रात भरत असे, तोही भर दुपारी, सावली पायाखाली जाते तेवढाच वेळ. गिऱ्हाईक एकही नव्हते, तरी कुजबुज चालू होती. रचलेल्या लाद्यांच्या थप्प्यांतून ती येत होती. मधोमध कर्कोट मांडी घालून बसला होता.

"खरी लादी ओळखलीस तर ती तुझी," तो म्हणाला. "चुकलीस तर तू माझी."

"कबूल."

त्याने काठीने ढकलून तीन लाद्या पुढे सारल्या. तिन्ही लखलखीत, तिन्ही सारख्या.

म्हाळसेने पहिलीवर पाणी ओतले. खरा गोटा भिजला की गडद होतो आणि त्याच्या पोटातल्या रेघा वर येतात. या लादीचा रंग बोटाला लागला, आणि त्याखाली गोट्यांना बारीक ओठ होते. ते पाणी पीत होते.

"ही नाही," ती म्हणाली.

दुसरी लादी भिजली तशी गडद झाली, रेघाही दिसल्या. म्हाळसा अनवाणी होऊन, डोळे मिटून तिच्यावर चालली, कारण गोट्यांचा उंचसखलपणा डोळ्यांना चकवतो, तळव्याला चकवत नाही. कुठेही टोचले नाही. पण टाचेखाली काहीतरी ठोके देत होते, संथ, झोपलेल्या माणसासारखे. ती खाली उतरली.

"हीही नाही."

तिसरी पाण्याच्या कसाला उतरली, पायाच्याही उतरली. म्हाळसेने मग एकेक गोटा चिमटीत धरून ओढून पाहायला सुरुवात केली. नीट बसलेला गोटा हलत नाही. एका करड्या गोट्याला हात लागला आणि आतून आवाज आला, "म्हाळसे, मी आहे गं. ने मला घरी."

आवाज बापाचाच होता. म्हाळसेला रडू कोसळले. तिने गोटा ओढला. तो दुधाच्या दातासारखा हलला.

"पोरी, इथे फार अंधार आहे," गोटा म्हणाला.

कर्कोट गालात हसला. "घेतेस ना?"

म्हाळसेला महालाचा चौक आठवला. चौकात राजकन्या होती, दासी होती, माळी होता. शेवटी तिने डोळे पुसले. "गोटा सुटा आहे. ही लादी खोटी आहे. तिन्ही खोट्या आहेत."

"मग खरी कुठली?"

मघापासून एक गोष्ट तिच्या नजरेत होती. या माणसाने आपल्या मालाला एकदाही हात लावला नव्हता, सगळे काठीने चालले होते. उघड्या अंगाने तो टेकला होता एकाच लादीवर. ती मळकट होती, आणि तिच्यातले कुठलेही दोन गोटे एकसारखे नव्हते.

"तू बसला आहेस ती," म्हाळसा म्हणाली. "ऊठ, पाणी ओतून पाहते."

कर्कोटाचा चेहरा पडला. पण बोली झाली होती आणि बोली मांत्रिकालाही बांधते. तो उठला. पाणी पडताच मळकट गोटे हिरवे, तांबडे, जांभळे झाले. म्हाळसा तिच्यावर अनवाणी चालली, ठोका लागला नाही; गोटे ओढून पाहिले, एकही हलला नाही. कर्कोटाचा पाय मात्र उठताना त्याच्याच पहिल्या खोट्या लादीवर पडला होता. ओठ उघडले, कर्कोट नाहीसा झाला, आणि तिथे एक नवा गोटा दिसू लागला.

लादी डोक्यावर घेऊन म्हाळसा चालू लागली. मागून बापाचा आवाज तिला हाका मारत होता. ती वळली नाही. रडत मात्र होती, वाटभर.

चौकात तिने जुनी लादी उपटली, ताजा चुना पसरला, खरी लादी ठोकून बसवली. मग जमिनीतून एकेक माणूस उठू लागले, झोपेतून उठावे तसे. माळी उठला, दासी उठली, राजकन्या उठली. सर्वांत शेवटी लुमाजी उठला. त्याच वेळी सातही नद्यांत गोटे वाजू लागले, आणि टिटवी न सांगता उडून गेली.

रात्रीचे जेवण झाल्यावर म्हाळसेने बापाला सगळे सांगितले. तिसऱ्या लादीचेही सांगितले, लपवले नाही.

लुमाजीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "आणि तो खरोखर मीच असतो तर?"

"तरी घेतली नसती, बाबा. गोटा सुटा होता."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "कोरडा माल उचलणाऱ्याच्या पोटी तू कशी गं आलीस," तो म्हणाला. "आजपासून दगड तू निवडायचे. मी चुना कालवीन."

राजकन्येचे लग्न त्याच चौकात लागले. वऱ्हाडाने आधी पाणी ओतले, मगच पाय ठेवला, आणि त्या राज्यात पुन्हा कोणी दगड झाले नाही.