एकशे आठ चोक

"चारशे बत्तीस गाड्या? या घाटातनं? आणि जातात कुठं, बुवा?"

दाबकेसाहेबांनी उभ्या उभ्याच विचारलं. मौजपुरी बुवा देवळाच्या पायरीवर कान कोरत बसले होते. त्यांनी काडी बाहेर काढली, उजेडात धरून बघितली, परत कानात घातली.

"आधी बूट काढ," बुवा म्हणाले.

बुवा सगळ्यांनाच अरे-तुरे करायचे. गाभाऱ्यातल्या भैरोबालासुद्धा.

साहेबांनी बूट काढले, पण नजरेच्या टप्प्यातच ठेवले. बुवाचं काय सांगावं...

साहेब म्हणजे लहान असामी नव्हे. देशातल्या दळणवळणाचं दुखणं काय आणि कुठल्या रस्त्याला किती निधी घालावा, याचा अभ्यास करायला सरकारनं एक गट नेमला होता. त्याचे ते सदस्य-सचिव. अख्ख्या देशाचं दुखणं एका फायलीत घेऊन हिंडणारा माणूस, त्याला संशयाची बाधा व्हायचीच. चहा आला तर आधी ड्रायव्हर मन्सूरला प्यायला लावायचा आणि तो नीट चालतो का ते बघायचा.

अभ्यासाची रीत सोपी होती. रस्त्यावर आडवी काळी रबरी नळी टाकायची, तिच्या टोकाला कुलूपबंद डबा. नळीवरनं गाडी गेली की डब्यातला आकडा एकानं वाढतो. आठ दिवसांत आकडा चारशेच्या वर गेला तर रस्त्याला निधी. नाही गेला तर पुढच्या अभ्यासापर्यंत रामराम.

तिनखडीच्या घाटाचा रस्ता देवळापर्यंत यायचा, देवळाला वळसा घालायचा आणि आल्या वाटेनं परत जायचा. पुढं नुसती पायवाट. वर चार वाड्या. नळी टाकणाऱ्या पोरांनी नळी टाकली ती बरोबर देवळाच्या पाठीमागं. तिथं सावली होती.

"चार वाड्यांत मिळून एकच टेम्पो आहे," साहेब म्हणाले. "गेनू थोरव्याचा. तोही वर चढत नाही म्हणून इथंच उभा असतो. मी चौकशी केली आहे."

"बरोबर केलीस."

"मग चारशे बत्तीस गाड्या कुठनं आल्या?"

बुवांनी काडी दुसऱ्या कानात घातली.

"एकशे आठ चोक चारशे बत्तीस," साहेब म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. "पाढे मलाही येतात, बुवा. गेनूनं टेम्पोनं प्रदक्षिणा घातल्या. रोज एकशे आठ. चार दिवस."

"पाचव्या दिवशी डिझेल संपलं," बुवा म्हणाले. "वरच्यांनी घरटी वर्गणी काढली होती. तेवढीच जमली."

साहेबांना वाटलं होतं, बुवा नाही म्हणतील, शपथा घेतील, पाया पडतील. कबूल करणाऱ्या माणसाचं काय करायचं हे कुठल्याच परिपत्रकात नसतं. त्यांचा संशय आणखीच वाढला.

"ही सरकारची फसवणूक आहे."

"नवस आहे."

"टेम्पोनं?"

"नवी गाडी घेतली की पाच फेऱ्या मारतोस ना देवाला? मग नवसाला एकशे आठ. भैरोबानं चाकं मोजली नाहीत, तुझ्या डब्यानं मोजली. त्याला आम्ही काय करणार?"

"आणि नवस कशाचा?"

बुवांनी घाटाकडं बघितलं.

"गेल्या आषाढात गेनूच्या बायकोला झोळीत घालून खाली आणली. टेम्पो इथं चालू करून ठेवला होता... पायरीपर्यंतच पोचली."

मन्सूरनं चहाचा कप खाली ठेवला.

साहेबांनी फाईल उघडली. "वाईट वाटतं. पण अभ्यास म्हणजे अभ्यास. या आकड्यावर संध्याकाळपर्यंत माझी सही व्हायची आहे. खोटा आकडा मी पुढं जाऊ देणार नाही. मन्सूर, गाडी वळवून ठेव. निघायचंय."

ते अनवाणीच देवळामागं गेले, बुटांकडं वळून वळून बघत. बुवा काठी टेकत मागोमाग आले.

साहेबांनी किल्लीनं डबा पुन्हा उघडला. चारशे बत्तीस. त्यांनी कागदावर आकडा लिहिला, आडवी रेघ मारली.

"वजा," ते म्हणाले.

"सगळ्या?"

"सगळ्या. नियम आहे. जी गाडी नुसती येते, वळसा घालते आणि कुठंच न पोचता परत जाते, ती वाहतुकीत धरत नाहीत."

"नीट सांग बाबा. म्हातारा माणूस, शाळा चौथीपर्यंत. जी कुठं पोचत नाही..."

"ती धरत नाहीत."

"आली, वळली, गेली..."

"वजा."

"पक्कं ना?"

"लेखी आहे."

तेवढ्यात मन्सूर जीप घेऊन आला. वळवायला दुसरी जागाच नव्हती. त्यानं देवळाला वळसा घातला, नळीवर धबक धबक झालं आणि जीप तोंड फिरवून खालच्या रस्त्याला लागून उभी राहिली.

डब्यात टक् झालं.

चारशे तेहेतीस.

बुवांनी डब्यात डोकावून बघितलं. मग जीपकडं. मग साहेबांकडं. त्यांच्या मिशीत काहीतरी वळवळलं, पण ते हसले नाहीत.

"पहिल्यांदा आलास तेव्हा मिशी फुटत होती तुला," ते म्हणाले. "मोजायची फीत धरायला आला होतास. दुसऱ्यांदा आलास तेव्हा फीत धरायला तुझ्या हाताखाली माणूस होता. आता तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा याच पायरीवर चहा घेतलास. वर किती वेळा गेलास?"

हा म्हातारा आपल्याला इतकी वर्षं ओळखून होता आणि बोलला नाही, याचाही साहेबांना संशय आला. मग कुणाचा घ्यावा ते सुचेना.

"निधी आला का रे मधी कधी?"

"अभ्यासाला आला होता."

"तो येतोच."

देवळावरनं एक कावळा उडाला. साहेबांनी पेन उघडलं, चारशे तेहेतीस लिहिलं. त्याखाली रेघ मारायला हात नेला... तिथंच थांबला. चारशे बत्तीस खोडायचे तर वरचा एक ठेवायचा कसा? आणि तो एक खोडायचा, तर त्याच्या आधीचे आपले दोन फेरे...

मन्सूरनं एकदा हॉर्न वाजवला, आणि बुवांनी बघितल्यावर परत नाही वाजवला.

"बुवा," साहेब हळू म्हणाले. या खेपेस आवाजात दिल्ली नव्हती. "मी लिहू तरी काय?"

बुवा उत्तर न देता पायरीकडं गेले. साहेबांनी सवयीनं कोपऱ्यावरनं डोकावून बघितलं, तर बुवांनी बूट उचलले होते. दोन्ही बूट एका हातात धरून म्हातारा देवळामागं आला, डांबर संपतं तिथपर्यंत गेला, आणि पायवाटेच्या तोंडाशी ते शेजारी शेजारी मांडून ठेवले. टाचा जीपकडं. टोकं वर, वाड्यांकडं.

"घाल," बुवा म्हणाले. "वर खडे लय आहेत."