काळखिंडीच्या भिंतीला ओ

काळखिंड स्टेशनात रुळांखालून भुयारी वाट जाते. दोन्हीकडे पांढऱ्या टाइल्स, डोक्यावर लख्ख दिवे. पण मधोमध काळ्या दगडाची भिंत तशीच उघडी सोडलेली आहे. पाहुणे आले की गावचे बाबू गुरव त्यांना तिथे थांबवतात आणि हकीकत सांगतात.

भुयार खणताना राघू नावाचा पाथरवट दरडीखाली गाडला गेला, असे सांगतात. गाड्या सुरू करायची घाई होती. रेल्वेच्या साहेबाने उकरू दिले नाही, वरच भिंत चढवली. राघूची बायको येसू रोज दुपारी भाकरी घेऊन यायची. नवऱ्याचे नाव घ्यायची रीत नव्हती, म्हणून भिंतीपुढे उभी राहून म्हणायची, "अहो, ऐकलं का?" एके दिवशी भाकरी तिथे सापडली, येसू नाही. हाक मात्र राहिली. तीत नाव नाही, त्यामुळे ज्याच्या कानी पडेल त्याला ती आपलीच वाटते.

पुढे स्टेशनाचे नूतनीकरण निघाले. काम लोटलीकर इंजिनिअरांकडे होते. त्यांची पत्नी नुकतीच गेली होती. भिंत झाकू नका, असे गावाने विनवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि टाइल्स बसवायला लावल्या.

शेवटची टाइल बसली त्या दुपारी सोपान नावाचा कारागीर "आलो" म्हणाला आणि भिंतीला कान लावून बसला. हलवले तरी हलेना. अंग गार पडत चालले. लोटलीकर धावत खाली उतरले, तर त्यांनाही ऐकू आले. आवाज त्यांच्या पत्नीचा होता म्हणे.

"अहो, ऐकलं का? जेवायला येताय ना?"

ती गेल्यापासून त्यांना असे कोणी बोलावले नव्हते. पाय आपसूक पुढे पडला. तेवढ्यात सोपानचे निळे ओठ दिसले. त्यांनी पहार उचलली आणि टाइल्स उखडून काढल्या. मागच्या ओल्या सिमेंटवर, आतल्या बाजूने, तळहातांचे ठसे होते. मनगटाशी बांगड्यांच्या रेघा.

लोटलीकरांनी दगडावर हात टेकला. "ओ," ते म्हणाले. "काम चाललंय. तू जेवून घे."

भुयार गप्प झाले. सोपानने मोठा श्वास घेतला.

त्यांनी नकाशा बदलला. ती भिंत तेवढी जुनी ठेवली. आजही तिथून जाणारा माणूस चाल मंद करतो आणि हळूच म्हणतो, "ओ. तू जेवून घे." 'आलो' कोणी म्हणत नाही.